गाडी पंधरा दिवसांतून एकदा निघते, बॅटरी सारखी बसते, काय करू?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, गाडीतलं मला फार कळत नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर, आठ वर्षं झाली. गाडी खरं तर आप्पांची, म्हणजे वडिलांची. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्वतःहूनच स्टेअरिंग सोडलं, आणि मी रोज मोपेडवरून ऑफिसला जाते कारण आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत सकाळी दहानंतर कार लावायला जागा शोधण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. तर गाडी निघते कधी, पंधरा दिवसांतून एकदा, कधी राधानगरीकडे गावाला, कधी जोतिबाला. बाकी दिवस अपार्टमेंटखाली कव्हर घालून उभी.

आता ऐका. गेल्या सात महिन्यांत बॅटरी तीनदा बसली. तिसऱ्या वेळी पाहुण्यांना स्टँडवर सोडायचं होतं, रात्रीची पुण्याची बस, किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक टक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत होत विझले. पाहुणे रिक्षाने गेले. जाताना काही बोलले नाहीत पण चेहरा बोलत होता.

बॅटरी जुनी पण नाही हो, मागच्या दिवाळीत नवीन घातली, ३५ एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे तिची साठवण). दुकानदाराकडे नेली तर म्हणतो बॅटरीत काही दोष नाही, तुम्ही उतरू देता म्हणून बसते, हे वॉरंटीत येत नाही. चार्ज करून दिली, पैसे घेतले, विषय संपला.

आणि मला न कळलेली गोष्ट ही की आप्पा रोज, अगदी रोज, सकाळी सात वाजता खाली जाऊन दहा मिनिटं गाडी चालू ठेवतात. वरच्या मजल्यावरच्या काकू धुराने वैतागल्यात. आप्पांचं म्हणणं इंजिन फिरलं की बॅटरी भरते, पंचवीस वर्षं असंच केलंय. मग बसते कशी? निगेटिव्ह वायर काढून ठेवावी का? सोलरवाला चार्जर येतो म्हणे, तो घ्यावा का? की सरळ परत नवीन बॅटरी? पार्किंगमध्ये प्लग नाही हे आधीच सांगते.

दहानंबर_पाना:
ताई, नवीन बॅटरी घेऊ नका लगेच. कारण शोधल्याशिवाय बॅटरी बदलणं म्हणजे गळक्या टाकीत परत पाणी भरणं. आमच्या उद्यमनगरात आठवड्याला असली दोन गिऱ्हाईकं येत्यात.

आप्पांचं चुकतंय असं म्हणत न्हाई, त्यांच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ते चालायचं, गाडीत दिवे सोडले तर करंट खायला काय नव्हतंच. आता बघा काय होतंय. सेल्फ मारताना बॅटरीतनं शंभर दीडशे ॲम्पिअर जातात पण दोन तीन सेकंदच, म्हणजे हिशोबानं ते लई न्हाई. खरी गोम पुढं हाय. गाडी उभ्या उभ्या चालली की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो, हळू फिरतो, पूर्ण ताकदीनं करंट देत न्हाई, त्यातनं आधी इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलचा पंप, गरम झाल्यावर पंखा ही मंडळी जेवून घेतात आणि उरलं सुरलं बॅटरीला. बॅटरी पण हावरी नसती, घोट घोट घेती. अर्धी उतरलेली बॅटरी दहा मिनिटांत भरत न्हाई, तिला तासच लागतात. वर इंजिन नीट तापत न्हाई, सायलेन्सरमधी पाणी साचतंय, ऑइलमधी पेट्रोल उतरतंय. म्हणजे पेट्रोल जाळून गाडीची वाटच लावायची.

त्यापेक्षा आठवड्यातनं एकदा, रविवारी सकाळी समजा, अर्धा पाऊण तास सलग चालवा. कळंब्याकडनं बाहेर काढा, हायवेला लागा, कागलपर्यंत जाऊन या. एसी बंद ठेवा. टायरला पण बरं, ब्रेकला पण बरं.

अजून एक. बॉनेट उघडून टर्मिनल हातानं हलवून बघा. हललं तर तिथंच अर्धा प्रश्न संपला. पांढरी हिरवी पावडर धरली असंल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, वरनं व्हॅसलीन लावा. आपल्याकडच्या पावसात ही पावडर लई धरती.

पुण्यात_अडकलेला:
माझी गाडी नागाळा पार्कात घरी असते आणि मी इकडे, महिन्यातून एकदा येतो, त्यामुळे या विषयात मी पीएचडी केलेली आहे असं समजा.

पानावाल्या दादांचं बरोबर आहे पण ताई, आधी मोजा. तीनचारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गाडी बंद करून चार पाच तासांनी, शक्यतो सकाळी आप्पांनी चालू करायच्या आधी, बॅटरीच्या दोन टोकांना लावून व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली की ती बसायच्या मार्गावर आहे, आणि अशी उतरलेली ठेवली की आतल्या प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, सुरुवातीला ते विरघळतात, नंतर कडक होऊन बसतात आणि मग कितीही चार्ज करा, ३५ ची बॅटरी २० चीच होऊन राहते. म्हणून तीनदा बसली म्हणजे तीनदा तिचं आयुष्य कमी झालं, दुकानदार त्या बाबतीत खोटं बोलला नाही.

मग गाडी चालू करून परत बघा, १३.८ ते १४.५ च्या मधे आलं तर अल्टरनेटर ठीक. कृपया चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायचा तो जुना प्रकार कुणाला करू देऊ नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर जातो, मग बॅटरीचा खर्च स्वस्त वाटायला लागतो.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, लॉक करून उभी असताना गाडी किती करंट खाते. घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं जागं असतं. २० ते ५० मिलीॲम्प म्हणजे नॉर्मल. आता ५० धरलं तरी दिवसाला १.२ एएच, म्हणजे ३५ ची भरलेली बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवडे. पण तुमचे आप्पा रोज थोडं का होईना भरतायत, तरी बसते, म्हणजे कुठेतरी जास्त जातंय. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डिकीचा दिवा, काय काय आहे?

शिवाजीपेठ_वांड:
ताई गाडी विकून टाका. पंधरा दिवसातनं एकदा तर रिक्षा नाहीतर भाड्याची गाडी परवडती. इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसिंग, बॅटरी सगळा हिशोब मांडा एकदा. गाडी नाय तुम्ही देव पुजताय.

रंकाळाकाठ:
@शिवाजीपेठ_वांड दादा, हिशोब मांडलाय, विकणं परवडतं. आप्पांना कोण सांगणार, तुम्ही येता का?

@पुण्यात_अडकलेला मीटर आणते. बाहेरचं फक्त स्टिरिओ आहे, ५ वर्षांपूर्वी बसवलेला. ट्रॅकर वगैरे नाही.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:
वरती रविवारी कागलला फिरून या वगैरे सगळं छान आहे पण मी वेगळा मुद्दा मांडतो. तुम्ही रंकाळ्याकडच्या म्हणजे तुम्हाला तेवढा ताप नसेल, आमच्याकडे बॅटरीचा प्रश्न जुलै ऑगस्टमध्ये जिवाचा होतो. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी यायला लागलं तेव्हा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची रेषा कधीच ओलांडून गेली होती, सगळे आपापल्या गाड्या वर उंचावर नेत होते, आणि माझी गाडी टक टक. मुलगा पुण्याला, मी एकटा, शेजारची चार पोरं आली म्हणून धक्का मारून चढावर नेली नाहीतर गेलीच होती. व्हीनस कॉर्नरला किती गाड्या बुडाल्या बघितल्यात मी. २०२१ च्या जुलैत परत तेच पाणी, पण तेव्हा शहाणा झालो होतो.

माझा नियम आता असा: ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ती बातमी आली की त्या दिवशीच गाडी चालू करून बघायची, ४३ ची वाट बघायची नाही. आणि निगेटिव्ह वायर काढून ठेवत असाल तर दहा नंबरचा पाना गाडीतच ठेवा, ड्रायव्हर सीटखाली. रात्री दोन वाजता पाणी आल्यावर पाना शोधत फिरायला लागू नये. आणि वायर काढलेली असली की रिमोट चालत नाही, दार किल्लीनं उघडावं लागतं, तर ती किल्ली दारात नीट फिरते का ते आत्ताच बघून ठेवा, वर्षानुवर्षं रिमोट वापरून कुलूप गंजलेलं असतं. माझं गंजलं होतं.

दहानंबर_पाना:
शाहूपुरी काकांनी लाखातलं सांगितलं. वायर काढायचीच तर क्रम लक्षात ठेवा: काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी पडती ती जन्मात विसरणार न्हाई. काढलेली वायर टर्मिनलवर परत टेकू नये म्हणून फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा. घड्याळ मागं पडतंय, रेडिओची स्टेशनं जातात, काही गाड्यांच्या काचा एका बटणात वर जायच्या बंद होतात, परत सेट कराव्या लागतात. बाकी काय न्हाई.

महिनाभर गाडी हलणारच नसेल तर वायर काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, फुकट. पंधरा दिवसांच्या गाडीला मात्र कटकट हाय.

आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असंल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात, गिअरमधी टाका आणि चाकाला दगड लावा.

निपाणी_बॉर्डर:
घरातल्या इन्व्हर्टरला जोडून चार्ज करा की. आमचा भाचा करतो. १२ व्होल्ट ते १२ व्होल्ट.

पुण्यात_अडकलेला:
@निपाणी_बॉर्डर नको हो. व्होल्ट सारखे असले तरी इन्व्हर्टर १५० एएच च्या ट्युब्युलर बॅटरीसाठी केलेला असतो, चार्जिंगला दहा पंधरा ॲम्पिअर ढकलतो. ३५ एएच च्या बॅटरीला एक दशांश म्हणजे साडेतीन ॲम्पिअर हे सोयीचं. जास्त ढकललं की गरम होते, पाणी उडतं, वर हायड्रोजन सुटतो तो वेगळाच. भाच्याला सांगा निदान बंद खोलीत करू नको.

निपाणी_बॉर्डर:
सांगतो. तो ऐकत नाही. बरं इंजिनात उंदीर येऊ नयेत म्हणून आमच्याकडची तंबाखू पुडीत बांधून ठेवा, वायरी कुरतडल्या की कसली बॅटरी आणि कसलं काय. उसाच्या तोडणीनंतर लई येतात.

रंकाळाकाठ:
तर मंडळी, मीटर आणला. आयुष्यात पहिल्यांदा बॉनेट उघडलं, ते उघडायची कळ शोधण्यातच दहा मिनिटं गेली. टर्मिनल घट्ट आहे, पावडर थोडी होती, सोड्याने धुतली, फसफसलं, मजा आली.

सोमवारी सकाळी सात वाजता, आप्पांना थांबवून: १२.०८. गाडी चालू केल्यावर १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक ना?

मग ते उभ्या गाडीचा करंट मोजायचं मला जमेना म्हणून ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला चहाच्या बोलीवर आणलं. त्याने निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर जोडला, दारं लॉक केली, बॉनेट उघडं. सुरुवातीला आकडा दोन अडीच ॲम्पिअर दाखवत होता, मी म्हटलं सापडला चोर, तर तो म्हणाला थांबा, गाडी अजून झोपली नाही. वीस पंचवीस मिनिटं आम्ही तिथं कट्ट्यावर बसून, चहा गार, आणि मग आकडा धापकन खाली आला आणि २८ मिलीॲम्पवर थांबला. स्टिरिओचा फ्यूज काढला तर ४ ने कमी. म्हणजे स्टिरिओ पण चोर नाही. डिकीचा दिवा बघायला फोन व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवून झाकण लावलं, अंधारच आला.

आता काय? २८ म्हणजे नॉर्मल म्हणालात तुम्ही.

पुण्यात_अडकलेला:
नॉर्मलच काय, छान आहे. २८ म्हणजे दिवसाला पाऊण एएच सुद्धा नाही. भरलेली बॅटरी अशी अर्धी व्हायला पंचवीस दिवस लागतील, आणि तुमच्याकडे रोज दहा मिनिटं मिळतायत वर. हे जुळत नाही.

मीटर जोडताना सहकाऱ्याने किल्ली फिरवली नाही ना मधे? फिरवली असती तर मीटरचा फ्यूज उडतो, बरेच जण तिथंच फसतात.

दोन शक्यता. एक, बॅटरीतला एखादा सेल खराब आहे आणि ती स्वतःच आत उतरते. ते तपासायला ती बाहेर पूर्ण चार्ज करून, वायर न जोडता दोन दिवस नुसती ठेवून व्होल्टेज बघा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून सहाही सेल बघा, १.२६ च्या आसपास सगळे पाहिजेत, एकच खाली असेल तर तो गेला. आणि बॅटरीवरच्या त्या चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

दोन, तुम्ही मोजत नसता तेव्हा काहीतरी चालू असतं. एक काम करा. पूर्ण चार्ज करून आणा आणि मग रोज तीन वेळा व्होल्टेज लिहून ठेवा, सकाळी, दुपारी, रात्री. म्हणजे नेमकं कधी पडतंय ते कळेल.

दहानंबर_पाना:
चार्जिंगला टाकताना त्यांना सांगा रात्रभर सावकाश लावा. दोन तासांत फास्ट चार्ज करून देणारे असतात, ती वरवरची भर. अन् पाणी कमी असंल तर बॅटरीचं पाणीच घाला, नळाचं न्हाई, आरओचं पण न्हाई.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:
आणि बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते म्हणून खाली लाकडाची फळी ठेवायला सांगतील, ते जुन्या बॅटऱ्यांचं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही. फळी ठेवली तरी पाप लागत नाही म्हणा.

रंकाळाकाठ:
आकडे देते. दुपारी मी ऑफिसला असते म्हणून आप्पांना सांगितलं तुम्ही घ्या. दुपारचे आकडे त्यांनी व्यवस्थित घेतले, दुधाच्या हिशोबाच्या वहीत, तारखेसह.

बुधवार सकाळ १२.६४, दुपार १२.६२, रात्री ९ ला १२.४१.
गुरुवार सकाळ (दहा मिनिटं चालू करायच्या आधी) १२.४५, दुपार १२.४९, रात्री १२.३०.
शुक्रवार सकाळ १२.३३, दुपार १२.३८, रात्री १२.१९.

मी म्हटलं आप्पा उद्या संध्याकाळी सहाला पण एक आकडा घ्या. तर म्हणाले सहाला मला चष्म्याने नीट दिसत नाही. दुपारी दिसतं, सकाळी दिसतं, सहाला दिसत नाही.

पुण्यात_अडकलेला:
दुपार ते रात्र. रोज. 😄 ताई उद्या अर्धा दिवस रजा टाका.

दहानंबर_पाना:
आरं तिच्या. मला वाटतंय मला कळलं.

रंकाळाकाठ:
शनिवारी सव्वासहाला लवकर आले, मोपेड गेटबाहेरच लावली. कव्हर पुढून अर्धं वर केलेलं. आप्पा पुढच्या डाव्या सीटवर, सीट मागे पाडून, पाय बाहेर, दार उघडं, वरचा दिवा लागलेला, किल्ली फिरवलेली, डॅशबोर्डवर बॅटरीचं आणि ऑइलचं लाल चिन्ह पेटलेलं, आणि आकाशवाणी कोल्हापूर चालू. शेजारी गोट्याचं पिल्लू (वॉचमनचं मांजर) बॉनेटवर. मी समोर उभी राहिले तर म्हणाले, "बातम्या लागतील आता." सात साडेसातपर्यंत रोज असतात म्हणे, गेले आठ नऊ महिने. घरात सहा वाजता आईच्या मालिका सुरू होतात.

घरात रेडिओ आहे का तर आहे. मग? "त्याचा आवाज किरकिरा आहे, गाडीतला भरीव येतो." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुण्यात_अडकलेला:
हा धागा मी ऑफिसच्या मीटिंगमधे वाचला आणि हसलो, आता मॅनेजर विचारतोय काय झालं.

हिशोब जुळला. किल्ली पूर्ण ऑन वर म्हणजे स्टिरिओ, डॅशबोर्ड, कॉम्प्युटर, आतला दिवा मिळून तीन ॲम्पिअर धरा. दीड तास म्हणजे साडेचार एएच. सकाळच्या दहा मिनिटांत फार फार तर दोन अडीच परत येत असतील. म्हणजे रोज दोनची तूट, आठ नऊ दिवसांत अर्धी बॅटरी साफ, पंधरा दिवसांत टक टक. सकाळी भरतात आणि संध्याकाळी उपसतात.

ताई, त्यांचा रेडिओ बंद करू नका. तीन गोष्टी करा. किल्ली पूर्ण ऑन पर्यंत न्यायचीच नाही, पहिल्या खटक्यावर, जिथे फक्त स्टिरिओ लागतो आणि लाल चिन्हं पेटत नाहीत. आतल्या दिव्याचं बटण ऑफ ला सरकवायचं, म्हणजे दार उघडं राहिलं तरी लागणार नाही. आणि एक स्मार्ट चार्जर घ्या, ४ ॲम्पिअरचा, जो भरल्यावर आपोआप १३.५ च्या आसपास येऊन नुसता टिकवून धरतो. साधा जुना ट्रान्सफॉर्मरवाला घेऊन विसरून जाऊ नका, तो थांबत नाही, पाणी आटवतो. सोलरचं म्हणाल तर तुमची गाडी छताखाली, वर कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर, तिथं सूर्य कुठून आणणार.

रंकाळाकाठ:
चार्जर बघते. पण प्लगचं काय? सेक्रेटरींना विचारलं, म्हणाले कॉमन मीटरवरून एकाला दिलं की उद्या सगळे मागतील, मीटिंगमधे विषय घ्या.

पुण्यात_अडकलेला:
बॅटरी भरल्यावर चार्जर दहा वॅट सुद्धा खात नाही. दहा धरले, चोवीस तास, तीस दिवस, ७.२ युनिट. हे सांगून बघा, मात्र सेक्रेटरी लोकांना आकडे सांगून उपयोग होतो असा माझा अनुभव नाही.

कौलव_ते_करवीर:
मधेच घुसतो. इलेक्ट्रिक घेतली की सुटका असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, माझी इलेक्ट्रिक आहे आणि मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असताना गाडी उघडेना, कारण आत ती छोटी १२ व्होल्टची वेगळी असते आणि तीच बसली होती. दार, कॉम्प्युटर, मोठ्या बॅटरीचा स्विच सगळं त्या छोटीच्या जिवावर. चालू द्या तुमचं.

रंकाळाकाठ:
आम्ही पहिल्या मजल्यावर, आमची बाल्कनी बरोब्बर पार्किंगच्या वर. आमच्याच मीटरवरून वायर खाली सोडायचं ठरवलं. वायरमनने तीन पिनची जाड वायर पाईपमधून आणून खांबाला पावसापासून झाकलेला बॉक्स मारून दिलाय, अर्थिंगसकट. चार्जर परवा आला. कसा जोडायचा ते सांगा, आप्पा म्हणतात त्यांना येतं.

दहानंबर_पाना:
आधी चिमटे, मग भिंतीचं बटण. लाल चिमटा प्लसला, काळा शक्यतो इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासनं लांब, म्हणजे ठिणगी पडली तरी बॅटरीच्या वाफेजवळ न्हाई. काढताना उलटं, आधी बटण बंद. चार्जरबरोबर कायमची स्क्रूने लावायची शेपूट येती, ती टर्मिनलला आवळून टाका आणि टोक पुढं ग्रिलजवळ काढा, मग रोज बॉनेट उघडायला नको. जंपर केबल लावताना पण हाच क्रम: लाल बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटचा काळा बसलेल्या गाडीच्या लोखंडाला. गावाकडं बसली आणि शेजारी उसाचा ट्रॅक्टर असला तर चालतोय, ट्रॅक्टर १२ चाच असतो. ट्रकवरनं मात्र अजिबात घेऊ नका, त्याच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. एकानं घेतला होता, स्टिरिओ, मीटर आणि कॉम्प्युटर एका दमात.

रंकाळाकाठ:
जोडलाय. हिरवा दिवा आला, आज सकाळी चार्जर काढून दोन तासांनी १२.६८. सकाळचे दहा मिनिटं बंद, वरच्या काकूंनी आईला डब्यातून कोथिंबीर वड्या पाठवल्या, मला वाटतं संबंध आहे. रविवारी मी गाडी घेऊन कागलला गेले, आप्पा शेजारी.

आप्पांनी विचारलंय, चार्जर लावलेला असताना रेडिओ लावला तर चालतो का?

पुण्यात_अडकलेला:
चालतो. नुसता स्टिरिओ एक दीड ॲम्पिअर घेतो, चार्जर चार देऊ शकतो. आप्पांना सांगा हवं तर रात्रीपर्यंत ऐका.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:
एवढं कराच, वायर लावलेली असताना स्टेअरिंगला लाल फडकं बांधून ठेवा. घाईत कुणीतरी गाडी काढेल आणि वायरीसकट जोतिबाला पोचेल. अनुभव आहे, माझी फक्त गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती.

रंकाळाकाठ:
लाल फडकं घरात सापडलं नाही. चैत्र यात्रेला गुलालात न्हालेला आप्पांचा पंचा बांधलाय, दोनदा धुतला तरी तो गुलाबीच आहे.